लुंबिनीची न खेळलेली चाल

लातूरच्या गंजगोलाईजवळ शंकरप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा दुकानाच्या माळ्यावर, पितळी घागरी आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यांच्या मधोमध सतरंजी अंथरून चार माणसं बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. ती तिथं खेळत नाहीत. खेळून झालेल्या डावांची चिरफाड करतात. दर रविवारी एकानं आपला एक डाव आणायचा, हरलेला असो की जिंकलेला, आणि बाकीच्यांनी त्याला चालीचालीवर अडवून विचारायचं, इथं हे केलं असतं तर? इथं ते केलं असतं तर? बसण्याआधी सगळ्यांचे मोबाइल एका मोठ्या कुकरमध्ये टाकले जातात आणि वर झाकण लागतं. मोबाइलमधलं यंत्र खरी चाल क्षणात सांगून टाकतं, मग माणसांना बोलायला काही उरत नाही, असं शंकरप्पांचं म्हणणं.

जगदेवी तिथं पहिल्यांदा आली ती इडलीपात्र घ्यायला. शंकरप्पांचा नोकर झाकण बसतं का ते दाखवत होता, तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, “अरे, उंट दे की! उंट देऊन प्यादं पुढं काढ!” जगदेवीचे हात झाकणावरच थांबले. ती जिन्यापाशी गेली, दोन पायऱ्या चढली आणि मान वर करून बघत राहिली. शंकरप्पांना वाटलं बाई हिशेबाला आल्या. ते उठायला लागले तर ती म्हणाली, “उंट देऊन भागत न्हाई अण्णा. मागं हत्ती मोकळा पडतो.”

तेव्हापासून ती चौथी झाली.

बाकीचे दोघे म्हणजे नरसिंग डॉक्टर आणि अमरेश. डॉक्टर जनावरांचे, आता निवृत्त. एकेका चालीला इतका वेळ लावायचे की चहावर साय धरायची. अमरेश तिशीतला, कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि आठवडाभर पोरांना घाईघाईनं शिकवून झालं की रविवारी सावकाश विचार करायला म्हणून इथं यायचा.

जगदेवीचं सासर कापडाच्या व्यापाऱ्यांचं. लग्न झालं तशी ती दुकानाच्या गल्ल्यावर बसली, दोन मुलं वाढवली, सासू-सासऱ्यांचं केलं. बुद्धिबळाचा पट घरात कधी आला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. तिनंही कधी आणा म्हटलं नव्हतं. तिचे यजमान संगप्पा साधा माणूस. सकाळची लिंगपूजा, दुकान आणि संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या, एवढ्यात खूश. बायको रविवारी भांड्यांच्या दुकानात जाऊन लाकडाचे घोडे सरकवते याचं त्यांना हसू यायचं, पण निघायची वेळ झाली की तेच आठवण करून द्यायचे, “अगं, तुझी सभा हाय ना आज?”

डाव आणायची पाळी आली की जगदेवी टाळायची. माझ्याकडं कुठले डाव, म्हणायची. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मात्र डॉक्टरांचा डाव लवकर आटोपला, अजून ऊन होतं, आणि शंकरप्पा म्हणाले, “अक्का, आज तुमचा.”

“एक हाय,” ती म्हणाली. “पण लई जुना हाय.”

“जुना तर जुना. कागद आणलाय का?”

“कागद कशाला?”

आणि तिनं मांडायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंच्या चाली ती एकामागून एक खेळत गेली. मधे कुठं अडली नाही. डोळे पटावर होते, पण ती आठवून आठवून खेळतेय असं वाटत नव्हतं. गल्ल्यावर बसून, भाकरी थापताना, बाळंतपणात, सासूच्या उशाशी बसून तिनं हा डाव इतक्या वेळा मनात खेळला होता की तो तिला पाठ करावा लागला नव्हता.

डाव नांदेडचा होता. जगदेवी तिथं कॉलेजला होती, वसतिगृहात राहायची. खोलीत दुसरी मुलगी लुंबिनी. लुंबिनीचे वडील धर्माबादच्या शाळेत शिक्षक, त्यांनीच तिला खेळ शिकवलेला. जगदेवीला तिनं शिकवला. दोघी एका पलंगावर पट ठेवून समोरासमोर मांडी घालून बसायच्या, आणि मेसची घंटा झाली तरी उठायच्या नाहीत. मग उरलेलं गार वरण खायच्या. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचा मुलींचा संघ निवडायचा होता. सगळ्या जागा भरल्या, शेवटची एक राहिली, आणि त्या जागेसाठी नेमक्या ह्या दोघींचा डाव लागला. जी जिंकेल तिनं मद्रासच्या स्पर्धेला जायचं.

“अन् तुम्ही जिंकलात,” अमरेश म्हणाला.

“जिंकले.”

“थांबा, थांबा. इथं थांबा काकू.” अमरेशनं तिचा हात अडवला. “इथं कुणाची चाल?”

“तिची. काळ्याची.”

पट आता बराच रिकामा झाला होता. पांढऱ्याकडं, म्हणजे जगदेवीकडं, वजीर होता. काळ्याकडं हत्ती आणि घोडा. दोघींची थोडी प्यादी. पांढरा राजा आपल्या शेवटच्या पट्टीवर, समोर स्वतःचीच तीन प्यादी उभी. जगदेवीनं वजीर काळ्या घोड्यावर लावलेला होता.

“इथं तिनं घोडा मागं घेतला,” जगदेवी म्हणाली. “मग मी हळूहळू तिची प्यादी खाल्ली अन्...”

“मागं कशाला घेतला?” अमरेश पुटपुटला. तो पुढं वाकला. काळा हत्ती उचलला, सरळ खाली आणला आणि पांढऱ्याच्या शेवटच्या पट्टीवर, वजिराच्या अगदी तोंडाशी ठेवला. “शह.”

“फुकटचा हत्ती,” शंकरप्पा म्हणाले आणि वजिरानं तो मारला.

“मारणारच. दुसरं काय करणार? राजाला हलायला जागा कुठं हाय?” अमरेशनं घोडा उचलला, अडीच घरं टाकला. “आता बघा. राजाला शह, अन् तिकडून वजीर पण धरलाय.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. राजा हलवून बघितला. घोड्यानं वजीर खाल्ला. हत्तीला वजिरानं न मारता काही करता येईल का तेही पाहिलं. राजापुढं त्याची स्वतःचीच प्यादी भिंतीसारखी होती, मधे आणून ठेवायला मोहरा नव्हता. दुसरी चालच नव्हती.

“काळ्याकडं एक घोडा जादा राहिला,” डॉक्टर म्हणाले. “डाव खल्लास. काळा जिंकला.”

जगदेवी पटाकडं बघत होती. इतक्या वर्षांत तिनं हा डाव पांढऱ्याच्या बाजूनंच खेळला होता. आपल्या चाली चुकल्या का, आणखी लवकर जिंकता आलं असतं का, एवढंच. पट फिरवून लुंबिनीच्या बाजूनं ती कधी बसलीच नव्हती.

“अक्का,” शंकरप्पांनी विचारलं, “ती पोरगी कशी खेळायची?”

“माझ्यापेक्षा चांगली. लई चांगली.”

“घोडा कसा खेळायची?”

“घोड्यासाठीच तर तिचं नाव होतं. पोरी म्हणायच्या, लुंबिनीचा घोडा कुठून येतो कळत न्हाई.”

शंकरप्पांनी मान हलवली. “मग हे तिला दिसलं न्हाई, हे काय पटत न्हाई बघा मला.”

“दिसलं असंल,” डॉक्टर सावकाश म्हणाले. “दिसलं असंल, अन् सोडलं असंल.”

खाली रस्त्यावरून लिंबं विकणारा ओरडत गेला. जगदेवीनं मोहरे गोळा करायला घेतले. एक प्यादं सतरंजीवर घरंगळत पातेल्याखाली गेलं, ते तिनं शोधलंही नाही.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यावर बसल्या बसल्या तिला ते आठवलं. लुंबिनीनं त्या चालीला फार वेळ घेतला होता. तिचा हात हत्तीच्या वर आला होता, आणि मागे गेला होता. खरंच आला होता? की आता मला तसं दिसतंय? जगदेवीला ठरवता येईना. पण डाव संपल्यावर लुंबिनी काय म्हणाली ते तिला स्वच्छ आठवत होतं. ती हसली होती आणि म्हणाली होती, “जा. माझ्या वाटचं मद्रास पण बघून ये.”

पुढचे काही आठवडे जगदेवी एका वेगळ्याच आनंदात होती. कुणाला सांगण्यासारखा तो नव्हता. गिऱ्हाईकानं दहा साड्या उलगडायला लावून एकही घेतली नाही तरी ती चिडायची नाही. संगप्पा म्हणाले, “तब्येत बरी हाय ना?” ती म्हणाली, “बरी हाय की.” आपल्यासाठी कुणीतरी एकदा हातातला डाव सोडला होता. नवऱ्यानं चांगलं वागवलं होतं, मुलांनी मान ठेवला होता, पण असं, स्वतःला हवं असलेलं काहीतरी गुपचूप तिच्या पुढ्यात सरकवून कुणी बाजूला झालं नव्हतं. आणि ते तिला कळलं नव्हतं. आभार मानायचे राहून गेले होते.

मग तिला समुद्र आठवायचा. मद्रासला स्पर्धा संपल्यावर सगळ्या मुली समुद्रावर गेल्या होत्या. लातूर-नांदेडकडच्या मुली, इतकं पाणी कुणी बघितलेलं नव्हतं. जगदेवीनं लुंबिनीसाठी शिंपले वेचले होते. ते तिला कधी दिलेच गेले नाहीत. नांदेडच्या स्टेशनावर उतरली तर वडील उभे होते. स्थळ आलं होतं, पाहुणे दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. वडिलांनी पेटी उचलली आणि स्टेशनावरूनच जीपनं तिला लातूरला आणलं. वसतिगृहातलं सामान नंतर भाऊ घेऊन आला. परीक्षेला ती गेली तेव्हा लुंबिनीचं केंद्र वेगळं होतं. मग लग्न झालं. लुंबिनीच्या वडिलांची बदली झाली. धर्माबादच्या पत्त्यावर टाकलेली दोन पत्रं परत आली.

ज्या जागेसाठी तिनं डाव सोडला, त्या जागेचं मी काय केलं, असं जगदेवीच्या मनात यायचं. मद्रासहून आल्यावर पट हातात धरला नाही. लुंबिनी गेली असती तर कदाचित खूप पुढं गेली असती.

अमरेशनं शोध लावला. त्याच्या ओळखीचा एक जण नांदेडला स्पर्धा भरवायचा. त्यानं सांगितलं की लुंबिनीबाई नावाच्या एक बाई आमच्याकडं पंच म्हणून येतात. अर्धापूरच्या शाळेत शिकवतात, तिथल्या मुलींना खेळ शिकवतात. फाल्गुनात एका रविवारी नांदेडला वजिराबाद भागात खुली स्पर्धा होती. चौघांनी नावं दिली.

“वजिराबादला जाऊन वजीर घालवून येऊ,” शंकरप्पा म्हणाले. ते सबंध वाटेत हेच म्हणत राहिले.

मंगल कार्यालयात टेबलांच्या रांगा मांडल्या होत्या. शाळकरी पोरं, कॉलेजातली मुलं, दोन-चार म्हातारे. जगदेवीसमोर एक दाढीवाला तरुण आला. त्यानं नमस्कार केला, घड्याळ दाबलं आणि खेळ सुरू झाला. सभागृहात फक्त घड्याळांचा आवाज होता.

थोड्या वेळानं टेबलांच्या मधून एक बाई हात मागं बांधून चालत आली. केस आखूड, बरेचसे पांढरे. गळ्यात पंचांचं ओळखपत्र. ती शेजारच्या टेबलाशी थांबली, कुणाची तरी तक्रार वाकून ऐकली आणि ऐकता ऐकता एका पायातली चप्पल काढून तो पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी राहिली. वसतिगृहात नळाच्या रांगेत लुंबिनी अशीच उभी राहायची.

जगदेवीचा हात प्याद्यावर होता, तो तसाच राहिला.

बाई पुढं आली. पटाकडं बघितलं, मग टेबलावरची नावाची चिठ्ठी वाचली. नाव जगदेवी होतं, आडनाव सासरचं. ती पुढं एक पाऊल गेली आणि वळली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. जगदेवीच्या तोंडून आवाज निघणार तेवढ्यात लुंबिनीनं बोट ओठांवर ठेवलं. डाव चालू होता, आणि खेळाडूशी बोलायचं नाही हा नियम पाळून घ्यायला तीच नेमलेली होती. तिचे डोळे भरले होते, बोट ओठांवर तसंच होतं. मग ती वळून पुढच्या रांगेत निघून गेली, तिथं एका पोराचं घड्याळ बंद पडलं होतं.

जगदेवी पुढच्या सहा-सात चालींत हरली. तरुणाला वाटलं, काकूंची तब्येत बिघडली. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

जेवणाच्या सुट्टीत त्या भेटल्या. मिठी मारणं वगैरे दोघींनाही जमलं नाही. लुंबिनीनं तिचे दोन्ही दंड धरले आणि नुसतं हलवत राहिली. “अगं जगे! किती जाड झालीस गं तू!” आणि जगदेवी म्हणाली, “तू केस का कापलेस?” लांब वेणी होती लुंबिनीची, कमरेच्या खाली. “नवरा आजारी होता तेव्हा दवाखान्यात कुठं विंचरत बसणार? कापले. तो गेला, पण केस परत वाढवले न्हाईत.” ती हे असं सांगून गेली आणि पिशवीतून अर्धापूरची केळी काढून सगळ्यांना वाटली.

जगदेवीला तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं. पण शंकरप्पा, डॉक्टर आणि अमरेश केळी सोलत भोवती बसले होते. ते लातूरहून एवढ्यासाठीच आले होते. अमरेशनं मांडवाखालच्या एका टेबलावर पट ओढला आणि मोहरे मांडले. जगदेवी “राहू दे रे,” म्हणाली, पण हळू.

“हे कुठलं?” लुंबिनीनं विचारलं.

“आपलं,” जगदेवी म्हणाली. “निवडीचं.”

लुंबिनीनं तिच्याकडं बघितलं. “तुला पाठ हाय?”

“हाय.”

“बाई, काळ्याची चाल,” शंकरप्पा म्हणाले. “सांगा.”

“मी घोडा मागं घेतला होता. तेवढं आठवतं. अन् मग हरले.” लुंबिनी हसली आणि चष्मा चढवून बसली. “पण मागं घ्यायला नको होता म्हणता? बरं. हत्ती इकडं आणला तर... न्हाई, घोडा जातो. घोडा पुढं टाकला, शह... न्हाई, वजीर मारतो त्याला.”

ती शोधत होती. तिचा हात पटावरून फिरत होता, एकदा हत्तीवर येऊन थांबला, मागं गेला. डॉक्टर बोलणार होते, शंकरप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. जगदेवी पटाकडं बघतच नव्हती. ती लुंबिनीच्या तोंडाकडं बघत होती.

आणि ते लुंबिनीला दिसलं. तिची भुवई वर गेली. तोंड थोडं उघडलं. तिनं हत्ती खाली आणला, दुसऱ्या हातानं वजिरानं मारला, घोडा टाकला, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

“अगं आई गं! हे होतं इथं?”

“होतं बाई,” शंकरप्पा म्हणाले.

“हे होतं? अन् मी घोडा मागं घेतला?” ती खरोखर चिडली होती. “चौथीतल्या पोरी काढतात हे माझ्या. मी शिकवते त्यांना! जगे, तू मला सांगितलं का न्हाई गं?”

“मला तरी कुठं माहीत होतं?”

सगळे हसले. लुंबिनी सगळ्यात मोठ्यानं हसली आणि परत एकदा तीच चाल खेळून बघितली, जणू डाव अजून चालू होता आणि ती तो जिंकणार होती. जगदेवीही हसली. मग पाणी पिऊन येते म्हणून उठली.

ती कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसली. आचाऱ्यांच्या कढया उन्हात पालथ्या घातल्या होत्या. तिला रडायला येत नव्हतं. नुसतं रिकामं वाटत होतं. लुंबिनीनं काही सोडलं नव्हतं. तिला चाल दिसली नव्हती, बस. कुठल्याही खेळाडूला एखादवेळी दिसत नाही तशी. महिनाभर जगदेवी ज्या प्रेमाच्या उबेत वावरली ते तिनं स्वतःच तयार केलं होतं, भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर बसून, तीन पुरुषांच्या मदतीनं.

लुंबिनी तिच्यामागं आली. चपला काढून शेजारी बसली.

“काय झालं?”

“काही न्हाई.”

“जगे.”

जगदेवीनं सांगून टाकलं. मला वाटलं, तुला दिसलं होतं. मला जाऊ द्यायचं म्हणून तू खेळली न्हाईस. सांगताना तिची तिलाच लाज वाटली, एवढ्या वयाच्या बाईनं असं काही बोलावं म्हणून.

लुंबिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “खोटं बोलू का?”

“नको.”

“दिसली असती तर खेळले असते. तुला हरवलं असतं अन् मद्रासला गेले असते. लई रडले होते मी त्या दिवशी. तू सामान भरत होतीस, मी बाथरूममधे नळ सोडून रडत होते.”

“तू म्हणालीस, माझ्या वाटचं बघून ये.”

“म्हणणारच. दुसरं काय म्हणू? जाऊ नको म्हणू?”

आत कुणीतरी माइकवर पुढच्या फेरीची नावं वाचायला सुरुवात केली.

“पण स्टेशनवर आले होते मी,” लुंबिनी म्हणाली.

“कुठल्या?”

“इथल्या. तू परत आलीस त्या दिवशी. वॉर्डनला मामा आजारी हाय सांगून आले होते. मला सगळं ऐकायचं होतं, कोण कसं खेळलं, तू काय खेळलीस. रात्रभर डाव मांडून बसू म्हटलं. गाडी लेट होती. मी पुलाच्या पायऱ्यांवर बसले होते. गाडी आली, तू उतरलीस. हाक मारणार, तर तुझे वडील पुढं झाले. त्यांनी पेटी घेतली. तू काहीतरी विचारलंस त्यांना, अन् मग तुझं तोंड असं झालं...” तिनं हातानं दाखवलं, काहीतरी खाली पडल्यासारखं. “मग तुम्ही गेलात.”

जगदेवी तिच्याकडं बघत राहिली. “मी बघितलं न्हाई तुला.”

“गर्दी होती.”

“हाक का मारली न्हाईस?”

“काय माहीत. तुझे वडील होते. वाटलं, दोन दिवसांत येशीलच खोलीवर.”

“हाक मारली असतीस तर मी थांबले असते.”

“त्यांनी थांबू दिलं असतं?”

“पाच मिनिटं तरी. पाच मिनिटं थांबू दिलं असतं. शिंपले होते माझ्याकडं तुझ्यासाठी, पिशवीत वरच होते.”

“मग काय झालं असतं पाच मिनिटांत?”

“तुला सांगितलं असतं, बघायला येणार हायत म्हणून.”

“अन् मी काय केलं असतं?”

“तू काहीतरी केलं असतंस,” जगदेवी म्हणाली. “तुला काहीतरी सुचलं असतं.”

लुंबिनीनं मान हलवली. “न्हाई गं. तुझं लग्न झालंच असतं. तुझे वडील कुठं माझं ऐकणार होते? पण पत्ता घेतला असता मी तुझा. लातूरला आले असते कधीमधी. तुझ्या पोरांना खेळ शिकवला असता.” ती थांबली. “नवरा आजारी होता तेव्हा तुला बोलावलं असतं. त्या दिवसांत मला लई वाटायचं, कुणीतरी नुसतं समोर पट घेऊन बसावं. खेळू नये. बोलू पण नये.”

जगदेवीनं तिचा हात धरला. हात कोरडा, खडबडीत होता, बोटांना खडूची पांढरी पूड होती. तो तिनं मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. तिला आता कळत होतं की तिला हवं होतं ते त्या डावात नव्हतंच. डाव तर दोघींनी जीव तोडून खेळला होता. स्टेशनावर पुलाच्या पायऱ्यांवर एक मुलगी बसली होती आणि ती तिला दिसली नव्हती. सगळी वर्षं त्या न दिसण्यातच गेली होती, आणि ती चाल परत घेता येत नव्हती.

माइकवर लुंबिनीबाईंना आत बोलावलं. ती उठली, चपला घातल्या, पदर सारखा केला. “पुढची फेरी हाय. बसच्या आधी भेट, जाऊ नको तशीच.”

दुपारनंतरच्या डावांत चौघांपैकी फक्त डॉक्टरांनी अर्धा गुण मिळवला, तोही समोरचा मुलगा कंटाळून बरोबरी देऊन गेला म्हणून. लुंबिनी एसटी स्टँडपर्यंत आली. तिथं तिनं जगदेवीचा नंबर घेतला, लगेच लावून बघितला, जगदेवीच्या पिशवीत फोन वाजला तेव्हाच तिचं समाधान झालं. लातूरला ये म्हटलं तर ती म्हणाली, परीक्षा होऊ दे पोरींच्या. मग म्हणाली, जूनमधे मुलीकडं पुण्याला जायचंय, तिचं बाळंतपण हाय, किती दिवस लागतील माहीत न्हाई. येईन पण. जगदेवी म्हणाली, ये. दोघींनाही वाटत होतं की याहून काहीतरी मोठं बोलायला पाहिजे. बस लागली. जगदेवी चढली. खिडकीतून बघितलं तर लुंबिनी गर्दीत एका पायावर उभी होती.

बसमध्ये शंकरप्पांना लगेच झोप लागली. डॉक्टर अमरेशला आपला बरोबरीचा डाव सांगत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेला होता, शेतं मोकळी पडली होती, उन्हाचा रंग उतरत चालला होता. लोहा गेल्यावर फोन वाजला.

“कुठवर गेलीस?” लुंबिनीनं विचारलं.

“लोहा गेलं मागं.”

“जागा मिळाली का?”

“मिळाली. खिडकीशी हाय.”

“बरं.”

पलीकडं कुठंतरी दार उघडल्याचा, किल्ल्या ठेवल्याचा आवाज आला. लुंबिनी घरी पोचली होती. जगदेवीनं ते घर पाहिलेलं नव्हतं. तिनं डोळे मिटून ऐकलं. स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं गेलं.

“लुंबे,” ती म्हणाली.

“काय?”

“काही न्हाई.”

“बोल की.”

“तू बोल.”

“काय बोलू?” लुंबिनी हसली. “मद्रासचं सांग. समुद्र कसा होता?”

जगदेवीनं सांगायला सुरुवात केली. बस चढाला लागली होती, इंजिनाचा आवाज वाढला होता, म्हणून ती हातानं तोंडाशी आडोसा करून मोठ्यानं सांगत होती. वाळू गरम होती, मुली साड्या वर धरून धावत होत्या, पाणी पायाखालची वाळू ओढून नेत होतं आणि आपण पडतोय असं वाटत होतं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. एका वळणानंतर पलीकडून हुंकार यायचा थांबला. डोंगराचा भाग होता. जगदेवी बोलत राहिली. थोड्या वेळानं अमरेश मागं वळून म्हणाला, “काकू, इथं रेंज नसते. अहमदपूरच्या अलीकडं येते परत.”

“माहीत हाय,” ती म्हणाली, आणि फोन तसाच कानाशी धरून खिडकीबाहेर बघत राहिली.